शब्दांच्या मुळाशी : सिन्सियर

पत्राखाली ‘युअर्स सिन्सियरली’ लिहिताना आपण क्वचितच थांबतो. या ‘सिन्सियर’ विशेषणाची एक कथा मी अनेक व्याख्यानांत सांगितली आहे. रोमन शिल्पकार संगमरवरातील भेगा मेणाने बुजवीत. भेग नसलेली मूर्ती ती ‘सिने सेरा’, अर्थात मेणाविना. टाळ्या हमखास पडत.

परवा नातीने विचारले, “आजोबा, हे कोठे लिहिले आहे?” ऑक्सफर्डचा मोठा शब्दकोश उघडला, तर ही व्युत्पत्ती त्याने साफ नाकारलेली! प्रामाणिकपणाचा अर्थ सांगताना मी इतकी वर्षे न पडताळलेली गोष्ट सांगत होतो.

मूळ लॅटिन शब्द ‘सिन्सेरस’ : स्वच्छ, शुद्ध, अखंड. ‘एक’ आणि ‘वाढणे’ या अर्थांच्या धातूंशी अभ्यासक त्याचा संबंध जोडतात. म्हणजे बहुधा एकाच वाढीचे, ज्यात दुसरे काही मिसळले नाही असे. सोळाव्या शतकात हा शब्द इंग्रजीत आला, तेव्हा तो भेसळ नसलेल्या वस्तूंनाही लावीत. आपला ‘निर्भेळ’ त्याच्या किती निकट आहे! मेणापेक्षा मला हाच अर्थ अधिक भावला.

नातीने वहीतील मेणाची कथा खोडली नाही. तिच्यापुढे ‘दंतकथा’ एवढेच लिहिले. माझ्या व्याख्यानाच्या टिपणातही आता तोच शब्द आहे.