लेथपासून राष्ट्राध्यक्षपदापर्यंत : एका लाडक्या कथानकाविरुद्ध

‘बुटांना पॉलिश करणारा मुलगा देशाचा राष्ट्राध्यक्ष झाला.’ ब्राझीलच्या लुइस इनासिओ लुला दा सिल्वा यांच्याविषयी २००२ पासून जे काही लिहिले गेले, त्याचा बराच मोठा भाग या एका वाक्याचाच विस्तार आहे. रविवारच्या पुरवण्यांना हे वाक्य आवडते, प्रेरणादायी पुस्तकांना आवडते, आणि गंमत म्हणजे एरवी एकमेकांचे तोंड न पाहणाऱ्या डाव्यांना आणि बाजारवाद्यांनाही ते सारखेच आवडते. ज्या वाक्यावर सगळ्यांचे एकमत होते त्याकडे साहित्याच्या अभ्यासकाने जरा संशयाने पाहावे. वाक्यातली माहिती खरी आहे. माझा आक्षेप तिच्या मांडणीला आहे. ‘पासून’ आणि ‘पर्यंत’ या दोन शब्दयोगी अव्ययांच्या मध्ये एक अख्खे आयुष्य कोंबण्याच्या सवयीला आहे.

आधी हे कथानक सांगितले जाते तसेच पाहू. १९४५ साली ईशान्य ब्राझीलमधल्या पेर्नांबुको राज्यातील दुष्काळी टापूत जन्म. १९५२ साली आई मुलांना घेऊन उघड्या मालट्रकमधून तेरा दिवसांचा प्रवास करून साओ पावलो राज्यात येते. मुलगा रस्त्यावर फुटकळ वस्तू विकतो, बूट पुसतो, तंत्रशाळेत लेथ चालवायला शिकतो, कारखान्यातल्या अपघातात डाव्या हाताची करंगळी गमावतो. १९७५ साली साओ बर्नार्डोच्या धातुकामगार संघटनेचा अध्यक्ष, १९८० साली कामगार पक्षाच्या संस्थापकांपैकी एक, १९८६ साली संसदेचा सदस्य. मग १९८९, १९९४ आणि १९९८ असे राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीतले तीन पराभव, आणि २००२ साली विजय.

या कथानकात कारखाना ही मागे टाकायची जागा आहे. नायक तिथून बाहेर पडतो, आणि बाहेर पडला म्हणूनच तो नायक ठरतो. मग ज्यांनी त्याच कारखान्यांत तीस-तीस वर्षे काढली ते या गोष्टीत कोण? जे चढले नाहीत ते? कामगाराच्या गौरवाची म्हणून सांगितली जाणारी ही गोष्ट कामगारपण ही खालची अवस्था आहे, हे गृहीत धरूनच सुरू होते. शिवाय ती एका माणसाची असते. आणि संघटना ही गोष्टच मुळी अनेकवचनी आहे.

साओ बर्नार्डोत खरोखर काय घडले? ब्राझीलमध्ये १९६४ पासून लष्करी राजवट होती. संप करणे जवळजवळ अशक्य होते. संघटनांवर कामगार मंत्रालयाचा वचक असे. नकोशी झालेली कार्यकारिणी सरकार दूर करू शके. १९७७ साली उघडकीला आले की १९७३ चा महागाईचा आकडा सरकारने कमी करून दाखवला होता आणि त्याच्या आधारे ठरलेल्या पगारवाढीत कामगार नागवले गेले होते. बुडालेले ३४.१ टक्के वेतन परत द्या, ही मागणी त्यातून पुढे आली. १२ मे १९७८ रोजी स्कानियाच्या ट्रकनिर्मिती कारखान्यातले कामगार नेहमीप्रमाणे आत गेले, यंत्रांपाशी उभे राहिले, आणि त्यांनी यंत्रे सुरूच केली नाहीत. या संपाच्या आखणीत त्याच कारखान्यातला गिल्सोन मेनेझेस हा कामगार आघाडीवर होता. पुढे १९८२ साली हाच मेनेझेस शेजारच्या दियादेमा शहराचा महापौर झाला. कामगार पक्षाचा तो पहिला महापौर. तोही कामगारवस्तीतून सत्तेच्या पदापर्यंत पोहोचला होता, पण त्याचे पद आपल्या लाडक्या कथानकाला पुरेसे उंच वाटत नाही.

मार्च १९७९ मध्ये व्हिला युक्लिदेसच्या मैदानात संपकऱ्यांची पहिली प्रचंड सभा झाली. ध्वनिक्षेपकाची व्यवस्था नव्हती. लुला टेबलावर उभे राहून लहान लहान वाक्ये बोलत. पुढच्या रांगा ती मोठ्याने उच्चारत, त्यांच्या मागचे ती आणखी मागे पोहोचवत. हा प्रसंग नेत्याच्या प्रभावाचा पुरावा म्हणून सांगितला जातो. मला तो नेमका उलट बाजूचा पुरावा वाटतो. मैदानाच्या टोकाला उभ्या असलेल्या कामगाराने त्या दिवशी लुलांचा आवाज ऐकलाच नाही. त्याने ऐकला तो शेजारच्या कामगाराचा आवाज. कथात्म साहित्य शिकवताना निवेदक कोण, हा प्रश्न आपण पहिल्याच तासाला विचारतो. तो इथे विचारला, तर व्हिला युक्लिदेसच्या मैदानातले ते भाषण एका माणसाच्या नावावर टाकता येत नाही.

पुढच्या वर्षीचा संप ४१ दिवस चालला. १९ एप्रिल १९८० रोजी लुलांना अटक झाली आणि ३१ दिवस ते कोठडीत होते. त्या काळात त्यांची आई वारली. तिच्या अंत्यविधीला त्यांना पहाऱ्यात जाऊ दिले गेले. चरित्रकाराला याहून हृदयद्रावक प्रसंग कुठे मिळणार? पण याच दिवसांत, प्रमुख नेते तुरुंगात आणि संघटना सरकारच्या ताब्यात असताना, संप जवळजवळ तीन आठवडे चालू राहिला. मागण्यांचा हिशेब केला तर तो अखेरीस हरला. तरीही संघटना म्हणजे काय हे समजून घ्यायचे असेल तर त्या तीन आठवड्यांकडेच जावे लागते. आणि चढत्या आलेखाच्या कथेत नेमके तेच आठवडे रिकामे राहतात, कारण नायक तिथे नसतो.

हे दोन दृष्टिकोन समोरासमोर ठेवणारे दोन चित्रपट आहेत. फाबिओ बारेतो यांचा ‘लुला, ब्राझीलचा पुत्र’ २०१० च्या आरंभी, म्हणजे निवडणुकीच्याच वर्षी, ब्राझीलच्या चित्रपटगृहांत आला. जन्मापासून १९८० पर्यंतचे आयुष्य त्यात आहे. सोसणारी आई, जिद्दी मुलगा आणि अखेरीस नियतीने दिलेले फळ. त्याआधी, २००४ साली, एदुआर्दो कुतिन्यो यांचा ‘पिओंइस’ हा माहितीपट आला होता. लुला २००२ ची निवडणूक जिंकण्याच्या बेतात असताना कुतिन्यो कॅमेरा घेऊन १९७९-८० च्या संपातल्या अनोळखी कामगारांकडे गेले. जुन्या छायाचित्रांत आणि चित्रफितींत जे चेहरे गर्दी म्हणून उरले होते, त्यांना त्यांनी बोलते केले. ‘पिआंव’ म्हणजे पायरीवरचा शेवटचा मजूर, आणि बुद्धिबळातले प्यादेही. आपल्या कचेऱ्यांतला ‘प्यून’ याच पोर्तुगीज शब्दावरून आलेला. माहितीपटाच्या शेवटी एक कामगार दिग्दर्शकालाच उलट विचारतो की तुम्ही कधी पिआंव होता का? कुतिन्यो नाही म्हणतात, आणि पडद्यावर शांतता पसरते. पहिल्या चित्रपटात असा प्रश्न विचारणारे कोणी नाही. तिथे प्रेक्षकाने फक्त टाळ्या वाजवायच्या असतात.

यात केवळ अभिरुचीचा प्रश्न नाही. चढणीची गोष्ट पदावर बसलेल्या माणसाला हिशेबातून सोडवते. कामगार राष्ट्राध्यक्ष झाला, इथे ती सुफळ संपूर्ण होते. त्याने पदावर काय केले हे तिच्या कक्षेबाहेर राहते. लुलांच्या बाजूने सांगण्यासारखे पुष्कळ आहे. गरीब कुटुंबांना थेट साहाय्य देणारी ‘बोल्सा फामिलिया’ योजना २००३ मध्ये सुरू झाली, किमान वेतनाची खरी क्रयशक्ती वाढली, कामगार महासंघांना २००८ साली कायदेशीर मान्यता मिळाली. विरुद्ध बाजूही आहे. २००३ मध्येच सरकारी कर्मचाऱ्यांच्या निवृत्तिवेतनाला कात्री लावणारी सुधारणा आली, आणि तिला विरोध करणाऱ्या स्वपक्षीय खासदारांना पक्षातून काढण्यात आले. एका कामगारनेत्याच्या सरकारबद्दल विचारायचे प्रश्न हे आहेत. ‘बूटपॉलिश’ या शब्दाने त्यांची उत्तरे मिळत नाहीत, आणि विरोधकांनी या शब्दावर नाक मुरडल्यानेही मिळत नाहीत.

विरोधकांनीही हेच कथानक उलटे फिरवून वापरले. एप्रिल २०१८ मध्ये भ्रष्टाचाराच्या खटल्यात लुला तुरुंगात गेले तेव्हा ‘चढला आणि पडला’ असा त्याचा दुसरा अंक लिहिला गेला. ५८० दिवसांनी ते सुटले, २०२१ साली शिक्षा रद्द झाल्या, २०२२ ची निवडणूक जिंकून १ जानेवारी २०२३ रोजी त्यांनी तिसऱ्यांदा शपथ घेतली, आणि तिसरा अंकही तयार झाला. या उतारचढावात दुसरी एक घटना कथानकाबाहेरच राहिली. लुला तुरुंगात असतानाच २०१९ साली फोर्डने साओ बर्नार्डोतला आपला कारखाना बंद केला. तिथल्या कामगारांच्या वाट्याला पुनरागमनाचा अंक आला नाही.

आपण तरी वेगळे काय करतो? १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या मुंबईच्या गिरणी संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. दत्ता सामंत डॉक्टर होते, गिरणीत राबलेले नव्हते. त्यामुळे चढणीची गोष्ट त्यांना लागू पडेना. मग आपण एका माणसाच्या हट्टाची शोकांतिका रचली. १९८४ साली ते दक्षिण मध्य मुंबईतून लोकसभेवर निवडून गेले, म्हणजे संप विरला तरी मतदार त्यांच्यामागे उभे होते, ही गोष्ट त्या शोकांतिकेत बसत नाही. म्हणून ती सहसा सांगितली जात नाही. जयंत पवारांचे ‘अधांतर’ आणि मीना मेनन व नीरा आडारकर यांनी कामगारांच्या मुलाखतींतून उभा केलेला गिरणगावचा मौखिक इतिहास या सवयीला सणसणीत उत्तर देतात. हा इतिहासही ‘पिओंइस’प्रमाणे २००४ सालीच ग्रंथरूपाने आला, हा योगायोग लक्षात ठेवण्यासारखा आहे. समीक्षेत मात्र आपले ‘असूनही’ सुटत नाही. नारायण सुर्वे गिरणीत राबले, शाळेत शिपाई होते. तसे ‘असूनही’ कवी झाले. अण्णा भाऊ साठे शाळा न शिकता ‘असूनही’ लेखक झाले. त्या श्रमांमुळे, त्या संघटनांमुळे आणि शाहिरी पथकांमुळे ते तसे घडले, असे म्हणायला आपली लेखणी का कचरते?

यावर एक आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. कामगारालाच आपल्या मुलाने कारखान्यात जाऊ नये असे वाटते. मग चढणीची आस ही त्याचीच नव्हे काय? आहे. पण बापाला मुलाची सुटका हवी असते ती धुळीतून, अपघातातून, अपुऱ्या पगारातून. आपल्या कामाची मुलाने लाज बाळगावी, असे त्याला वाटत नसते. चढणीची गोष्ट या दोन्हींची सरमिसळ करते. आपल्या वर्गात बसलेल्या, घरातून पहिल्यांदाच महाविद्यालयात आलेल्या मुलीला आपण ‘हमालाची मुलगी असूनही’ असे शाबासकीच्या सुरात म्हणतो, तेव्हा तिच्या बापाचे आयुष्य ही ओलांडायची अडचण होती असेच आपण तिला शिकवत असतो. तिने पुढे कितीही मोठे पद मिळवले तरी हा धडा ती विसरणार नाही.

तेव्हा कामगारनेत्याचे चरित्र अभ्यासाला लावा; जरूर लावा. फक्त परीक्षेत ‘नायकाच्या जडणघडणीवर टीप लिहा’ हा प्रश्न घालण्याऐवजी त्या मैदानात शेवटच्या रांगेत कोण उभे होते, आणि त्यांनी कोणाचा आवाज ऐकला, हे विचारून पाहा.