शिरूर-दौंडमध्ये घराभोवतीचं पावसाचं पाणी काढायला किती खर्च येतो? आणि तो खर्च वाया का जातो?

शिरूर आणि दौंड हे पुणे जिल्ह्यातले पर्जन्यछायेतले तालुके. इथं घर बांधताना बोअरला पाणी लागेल का, हा प्रश्न सगळे विचारतात. पावसाचं पाणी बाहेर कसं जाईल, हा प्रश्न फारसा कुणी विचारत नाही.

25-26 मे 2025 ला मात्र तो विचारावा लागला. जूनमध्ये येणारा मान्सून मे महिन्यातच महाराष्ट्रात दाखल झाला. दौंड तालुक्यात एका दिवसात 100 मिलीमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला. बारामती, इंदापूर भागात घरांत पाणी शिरलं आणि कुटुंबांना सुरक्षित ठिकाणी हलवावं लागलं.

वर्षाचा एकूण पाऊस कमी असला, तरी तो दोन-चार दिवसांत कोसळू शकतो. घराच्या ड्रेनेजचा हिशोब वार्षिक सरासरीवर नाही, तर या दिवसांवर करायचा असतो.

एका घरावर किती पाणी पडतं?

एक चौरस मीटरवर एक मिलीमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. 1,000 चौरस फुटांची गच्ची म्हणजे साधारण 93 चौरस मीटर. 100 मिमी पाऊस झाला तर एकट्या गच्चीवर 9,300 लिटर पाणी पडतं. म्हणजे 10,000 लिटरचा टँकर जवळपास भरतो.

दोन गुंठ्यांचा पूर्ण प्लॉट धरला (साधारण 202 चौरस मीटर), तर हेच पाणी 20,000 लिटरच्या वर जातं. अंगणात फरशी किंवा पेव्हर ब्लॉक बसवले असतील, तर त्यातलं फारच थोडं जमिनीत मुरतं.

घराच्या आतला खर्च किती?

एकमजली घर, दोन गुंठ्यांचा प्लॉट, असं उदाहरण घेऊ. खालचे दर हिशोबासाठी गृहीत धरले आहेत. दुकान, गाव आणि पाइपच्या दर्जानुसार ते बदलतील. तुमच्या भागातला दर टाकून हीच बेरीज करता येईल.

- पाइप: गच्चीवरून खाली येणारे 4 इंची तीन पाइप आणि जमिनीखालून गेटपर्यंत 15 मीटर लाइन. 3 मीटरच्या 9 नळ्या, प्रत्येकी 700 रुपये: 6,300 रुपये. बेंड, टी, जाळ्या, क्लॅम्प: 2,500 रुपये.
- चेंबर: झाकणासह तीन, प्रत्येकी 2,000 रुपये: 6,000 रुपये.
- मजुरी: एक मिस्त्री आणि दोन मजूर, दोन दिवस. मिस्त्रीचे रोज 1,000 आणि मजुराचे 700 धरले तर 4,800 रुपये.
- शोषखड्डा: दीड मीटर लांब, दीड मीटर रुंद, दोन मीटर खोल. जेसीबी दोन तास, दीड ब्रासच्या आसपास दगड-खडी आणि वरचं काम: 10,000 रुपये.

एकूण बेरीज 29,600 रुपये. म्हणजे साधारण 30 हजार.

पाइप तीन का? भारतात वापरल्या जाणाऱ्या प्रमाण कोष्टकांनुसार ताशी 100 मिमीच्या पावसात 4 इंची एक पाइप साधारण 40 चौरस मीटर गच्चीला पुरतो. 93 चौरस मीटरला तीन लागतात. अनेक घरांत एकच असतो, म्हणून गच्चीवर पाणी साचतं आणि स्लॅबला ओल येते.

उतारही महत्त्वाचा. 100 ला 1, म्हणजे 10 मीटर लाइनला 10 सेंटिमीटर उतार हवा. हे काम फरशी बसवण्याआधी केलं तर वरच्या खर्चात होतं. नंतर केलं तर फोडणं, राडारोडा उचलणं आणि पुन्हा फरशी बसवणं, हे सगळं वाढतं.

एक काम मात्र कधीच करू नये. पावसाची लाइन शौचालयाच्या सेप्टिक टँकला जोडू नये. मोठ्या पावसात टँक भरतो आणि मैला अंगणात येतो.

शोषखड्डा पुरेसा नाही का?

ते जमिनीवर ठरतं. माळरानावर मुरूम लागतो, तिथं पाणी लवकर मुरतं. भीमा आणि घोड नदीकाठच्या काळ्या जमिनीत उलटं होतं. ही माती ओली झाली की फुगते आणि पाणी फार हळू सोडते. वाळली की भेगाळते. पायाजवळ असं पाणी सतत मुरत राहिलं, तर भिंतींना तडे जातात. म्हणून खड्डा पायापासून लांब आणि मुरमापर्यंत खोल हवा.

क्षमतेचा हिशोबही पाहा. वरच्या मापाचा खड्डा साडेचार घनमीटरचा आहे. दगड-खडी भरल्यावर पोकळी साधारण 40 टक्के उरते. म्हणजे एका वेळी 1,800 लिटर. गच्चीवर मात्र 9,300 लिटर पडलेत. उरलेलं पाणी गेटबाहेर जाणारच.

मग खरी अडचण कुठे आहे?

गेटच्या बाहेर.

रांजणगाव आणि कुरकुंभ एमआयडीसी, पुणे-अहिल्यानगर रस्ता आणि पुणे-सोलापूर महामार्ग यांच्या आसपास एक-दोन गुंठ्यांचे प्लॉट पाडून घरं झाली आहेत. मंजूर लेआउट नसेल, तर पावसाळी गटाराची जागाच सोडलेली नसते. आधीचा ओढा किंवा बांधाकडेची चारी बुजवून रस्ता होतो. पुढे रस्त्यावर काँक्रीटचा थर चढतो आणि घराचं जोतं रस्त्याच्या खाली जातं. आता 30 हजारांची लाइन पाणी बाहेर नेत नाही, रस्त्यावरचं पाणी आत आणते.

नियमांतही इथं फट आहे. राज्याच्या एकत्रिकृत विकास नियमावलीत पर्जन्यजल संधारण 500 चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या प्लॉटवरच्या बांधकामाला बंधनकारक आहे. 500 चौरस मीटर म्हणजे जवळपास पाच गुंठे. दोन गुंठ्यांचं घर त्यात येतच नाही. अशी 50 घरं शेजारी उभी राहिली, तरी प्रत्येक घर नियमाबाहेरच राहतं.

जिरायतीसाठी 20 आणि बागायतीसाठी 10 गुंठे हे प्रमाणभूत क्षेत्र ऑगस्ट 2023 मध्ये ठरलं. त्याखालचे जुने व्यवहार नियमित करण्यासाठी सरकारने 2025 मध्ये तुकडेबंदी शिथिल करण्याचं पाऊल उचललं. अनेक कुटुंबांसाठी हा मोठा दिलासा आहे. पण कागद नियमित झाला म्हणून गटार तयार होत नाही.

उपाय काय?

पाणी ओढ्यापर्यंत 100 मीटर न्यायचं आहे, असं समजा. दोन-दोन गुंठ्यांच्या दहा घरांचं पाणी वाहून न्यायला योग्य उतारात 12 इंची सिमेंट पाइप पुरतो. बसवून मीटरला 1,800 रुपये धरले तर खर्च 1,80,000 रुपये. एका घराला हे अशक्य आहे. दहा घरांत वाटलं तर प्रत्येकी 18,000.

हा खर्च रहिवाशांनीच का करावा, हा प्रश्न रास्त आहे. गटारं बांधणं हे शिरूर आणि दौंड नगरपरिषदांच्या बंधनकारक कर्तव्यांत येतं. ग्रामपंचायत हद्दीत हे काम गावाच्या विकास आराखड्यात असावं लागतं. त्यासाठी ग्रामसभेत लेखी मागणी करावी. पाऊस सुरू झाल्यावर केलेली मागणी बहुतेक पुढच्या वर्षावर जाते.

कुणी प्रवाह अडवला असेल तर? 1882 च्या सुविधाधिकार कायद्यानुसार वरच्या जमिनीवरचं पाणी नैसर्गिकरीत्या खालच्या जमिनीवर वाहू देणं हा वरच्या मालकाचा हक्क आहे. पण पाइपने गोळा करून शेजाऱ्याच्या अंगणात सोडलेलं पाणी नैसर्गिक म्हणता येत नाही. शेतजमिनीवरचा प्रवाह अडवून नुकसान होत असेल, तर मामलेदार न्यायालय कायदा, 1906 च्या कलम 5 खाली तहसीलदारांकडे दाद मागता येते. मुदत सहा महिन्यांची आहे.

प्लॉट घेण्याआधी काय पाहावं?

सातबारा आणि रस्ता सगळेच पाहतात. त्यासोबत तीन गोष्टी पाहा. पाणी शेवटी कोणत्या ओढ्याला जातं? मधली वाट कुणाच्या मालकीची आहे? आणि रस्त्याची पातळी प्लॉटपेक्षा उंच आहे का? यांची उत्तरं समाधानकारक नसतील, तर 30 हजारांचा हिशोब अपुरा आहे. जोतं उंच करणं आणि सामाईक लाइन, हे दोन्ही खर्च प्लॉटच्या किमतीतच धरावे लागतील.