माळावरचे हेडमास्तर

दिवाळी सरली की शाळांच्या सहलींचा हंगाम लागतो. शिवनेरी, लेण्याद्री, ओझर, जमलं तर भीमाशंकर. लाल एसटीतून उतरलेली पोरं पायऱ्या चढतात, डबे खातात, गुरुजी तीन-तीनदा डोकी मोजतात आणि रात्री सगळे घरी. त्यात वाईट काही नाही. पण तेवढा एक दिवस सोडला, तर वर्षभर शाळेला दाराबाहेरचं जग लागत नाही. चारी बाजूंनी शेतं, आणि मातीचे प्रकार मात्र फळ्यावर!

या विषयात मला आमच्या लोणीच्या शेजारच्या, शिरूर तालुक्यातल्या पाबळचे डॉ. श्रीनाथ कलबाग आठवतात. इलिनॉय विद्यापीठाची अन्नतंत्रज्ञानातली पीएच.डी., मग म्हैसूरची केंद्रीय अन्नतंत्रज्ञान संशोधन संस्था, मग हिंदुस्थान लिव्हरचा संशोधन विभाग. पन्नाशी उलटलेली. या वयात माणूस निवृत्तीनंतरच्या फ्लॅटचे नकाशे बघतो. कलबाग १९८३ साली पत्नी मीराताईंसह पाबळच्या उघड्या माळावर राहायला आले आणि इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशनचं केंद्र म्हणून त्यांनी विज्ञान आश्रम सुरू केला.

पाबळच का? कारण तिथे काहीच सोयीचं नव्हतं. आंबेगाव तालुका म्हटला की लोकांना डिंभे धरण आणि भीमाशंकरचा पाऊस आठवतो. त्याच तालुक्यातला आमचा लोणी-धामणीचा पट्टा मात्र पाबळसारखाच, ढगांकडे बघत बसणारा. महाराष्ट्रातली असंख्य कोरडवाहू गावं अशीच. इथे जे जमेल ते कुठेही जमेल, हा त्यांचा हिशेब.

आश्रमात आली ती शाळा सुटलेली पोरं. दहावी नापास, आठवीतच दप्तर टाकलेली. आपल्याकडे अशा पोराला ‘वाया गेलं’ म्हणतात, आणि रात्री विहिरीवरची मोटार बंद पडली की त्यालाच हाक मारतात. कलबागांनी ही हाक गांभीर्याने घेतली. वर्षभराचा निवासी अभ्यासक्रम: वेल्डिंग, सुतारकाम, गवंडीकाम, वायरिंग, शेती, कोंबड्या-जनावरं, रक्ततपासणीसारखं आरोग्याचं काम. पुढे त्याला राष्ट्रीय मुक्त शाळेची मान्यता मिळाली. राहायच्या इमारतीसुद्धा शिकण्याचा भाग. त्रिकोणांच्या सांगाड्यावर उभे केलेले घुमट पाबळची ओळख झाले. जुन्या जीपच्या सुट्या भागांतून छोटा ट्रॅक्टर तयार झाला, त्याचं नाव ‘मेकबुल’.

मला सगळ्यात आवडतो तो पाण्याचा धडा. जमिनीत विजेचा प्रवाह सोडायचा, जमिनीचा रोध मोजायचा आणि खाली पाणी असण्याची शक्यता किती, याचा अंदाज बांधायचा. आमच्याकडे आजही बोअर घेण्याआधी नारळ हातावर ठेवून शेतभर फिरणारे पाणाडे बोलावतात. त्या शेतात पंधरा-सोळा वर्षांचं पोरगं यंत्र घेऊन उभं राहतं, आकडे मांडतं आणि शेतकरी त्याचं म्हणणं ऐकून घेतो. भौतिकशास्त्राच्या पेपरात नापास झालेल्याला हा मान कुठल्या वर्गात मिळाला असता?

आणि हे काम फुकट नाही. गावाला ज्याची गरज आहे ते करायचं आणि त्याचे पैसे घ्यायचे, हा कलबागांचा आग्रह. काही गांधीवाद्यांना तो खटकला असेल. पण मला वाटतं, मूल्यशिक्षणाच्या तासाला प्रामाणिकपणावर निबंध लिहून जे होत नाही, ते पैसे मोजणाऱ्या गिऱ्हाइकासमोर होतं. टाकी गळली, तर ती कुणी बांधली हे गावाला ठाऊक असतं. गांधीजींची नई तालीम, म्हणजे हातकामातून शिक्षण, १९३७ साली वर्ध्यात मांडली गेली, तिच्या केंद्रस्थानी चरखा होता. कलबागांनी हातांवरचा विश्वास तोच ठेवला आणि हातात मल्टिमीटर दिला. २००२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीने आपल्या आवाराबाहेर ज्या पहिल्या फॅब लॅब, म्हणजे संगणकाच्या मदतीने वस्तू घडवण्याच्या कार्यशाळा, उभ्या केल्या, त्यांतली एक पाबळला आली, ती उगाच नाही. पुढच्याच वर्षी कलबाग गेले.

बाहेर शिकवण्याची ही वाट महाराष्ट्राला नवी नव्हती. मोरगावला जन्मलेल्या, म्हणजे आपल्याच जिल्ह्यातल्या अनुताई वाघ बालविधवा. त्यांनी नोकरी करता करता रात्रशाळेतून मॅट्रिक केलं आणि १९४५ साली बालशिक्षणाच्या कामासाठी ताराबाई मोडकांबरोबर बोर्डीला गेल्या, तिथून पुढे कोसबाडच्या टेकडीवर. वारल्यांची मुलं गुरं राखायला रानात जात, म्हणून शाळेत येत नसत. या दोघींनी शाळाच कुरणात नेली. कुरणशाळा म्हणतात ती हीच. ताराबाईंना पद्मभूषण आणि अनुताईंना पद्मश्री मिळाली, आणि आपण गुरं राखणाऱ्या मुलाला पटावर ‘सतत गैरहजर’ लिहीत राहिलो.

कलबागांना कुणी हेडमास्तर म्हटलं नाही, ते तसे नव्हतेही. पण मुख्याध्यापकाचं काम नेमकं काय, हे मला त्यांच्याकडे पाहून कळतं. परिपत्रकं, पोषण आहाराचे तक्ते, ऑनलाइन माहिती यांत आजचे मुख्याध्यापक बुडालेले आहेत, हे मान्य. तरी कलबागांनी त्यांच्यासाठीही सोय करून ठेवली आहे: नेहमीच्या शाळेत आठवी ते दहावीच्या मुलांना आठवड्यातला एक दिवस मूलभूत तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम. अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन, गृह-आरोग्य असे त्याचे चार विभाग. शालान्त मंडळाने तो मान्य केला आहे आणि राज्यातल्या बऱ्याच शाळांत तो चालतो.

तेव्हा लोणी-धामणी परिसरातल्या शाळा व्यवस्थापन समित्यांच्या सदस्यांना एक विनंती. यंदाच्या सहलीचं ठिकाण ठरवण्याआधी एकदा मुख्याध्यापकांना घेऊन पाबळला जाऊन या. विज्ञान आश्रम आजही चालू आहे. आणि परत आल्यावर पुढच्या बैठकीत विषयपत्रिकेवर एवढंच घ्या: आपल्या शाळेत हा एक दिवस कधीपासून सुरू करायचा.