नायट्रोजन मशीन घेताय? आधी कोटेशनमधले दोन आकडे नीट वाचा

फरसाण, वेफर्स, केळ्याचे चिप्स पॅक करणारे हमखास विचारतात, "सर, सिलिंडर बंद करून मेंब्रेनवालं नायट्रोजन जनरेटर घेऊ का?"

माझं स्पष्ट मत: धंदा नवा असेल तर नको. पहिल्या वर्षी तर नकोच.

मशीन वाईट आहे असं नाही, उलट कल्पना झकास आहे. हवेत 78 टक्के नायट्रोजन, 21 टक्के ऑक्सिजन. केसासारख्या बारीक, पोकळ प्लास्टिकच्या हजारो नळ्यांतून दाबाखालची हवा सोडायची. ऑक्सिजन आणि बाष्प नळीच्या भिंतीतून पटकन निसटतात, नायट्रोजन दुसऱ्या टोकाला मिळतो. भिंत पातळ हवी, पण पातळ केली की बारीक भोकं राहतात आणि सगळंच गळतं. 1980 च्या सुमारास मोन्सँटो कंपनीच्या हेनिस आणि ट्रिपोडी यांनी पॉलिसल्फोनच्या नळीवर सिलिकॉन रबरचा हलका थर देऊन ती भोकं बुजवली. पंक्चर काढायचीच अक्कल, पण त्यावर अख्खा उद्योग उभा राहिला!

आता खिशाचं बोलू. पॉलिसल्फोनमधून ऑक्सिजन नायट्रोजनपेक्षा साधारण साडेपाच-सहा पट वेगाने जातो, बस्स एवढंच. त्यामुळे शुद्धता वाढवायची तर व्हॉल्व्ह आवळावा लागतो. मग गॅस कमी येतो, आणि बराच नायट्रोजनही ऑक्सिजनसोबत बाहेर जातो. कोटेशनमध्ये वर "99.5 टक्के" आणि खाली भलामोठा फ्लो छापलेला असेल, तर हे दोन्ही एकाच वेळी मिळतात का, किती दाबाला, किती तापमानाला, ते लेखी घ्या. आणि तुमचं सीलिंगच ढिलं असेल तर 99.5 चं काय लोणचं घालायचंय?

"यात हलणारा पार्टच नाही," असं सेल्सवाला सांगतो. मेंब्रेनपुरतं खरंय. पण कॉम्प्रेसर फिरतो ना, विजेचं बिल त्याचं येतं. जुना, तेलावरचा कॉम्प्रेसर जोडलात तर तेलाची वाफ नळ्यांवर बसून मेंब्रेन खराब होतं. म्हणून फिल्टर आणि ड्रायर आले, त्यांचे पैसे बहुतेकदा वेगळे.

आता हिशोब करा. 7 घनमीटरच्या सिलिंडरमध्ये 7000 लिटर गॅस. वाया जाणारा धरून पाकिटाला एक लिटर लागला, तर 7000 पाकिटं. दिवसाला 300 पाकिटं काढणाऱ्याला एक सिलिंडर तीन आठवडे पुरतं. त्यासाठी लोन कशाला? रोज दोन सिलिंडर संपायला लागली की कोटेशन काढा, मग बसून बोलू.