डिनो नावाची फेरारी

फेरारी ३०८ जीटी४ ही गाडी १९७३ साली आली. जुन्या गाड्या जमवणारे लोक तिला १९७५ च्या ३०८ जीटीबीपेक्षा कमी किंमत देतात. का? ती कोनदार दिसते, मागे दोन छोट्या सीट आहेत आणि सुरुवातीला तिच्यावर ‘फेरारी’ऐवजी ‘डिनो’ हे नाव होते. पण तीन लिटरचे व्ही-८ इंजिन दोघींचे जवळजवळ सारखेच! ते आधी हिच्यातच बसवले होते.

आणि डिनो कोण? एन्झो फेरारींचा मुलगा. तो १९५६ साली, अवघ्या चोविसाव्या वर्षी वारला. बाबांनी मायेने दिलेल्या नावामुळे किंमत कमी का व्हावी? मला हे पटत नाही. शिवाय मागे मी आणि ताई कसेबसे मावू. जीटीबीत आम्हाला जागाच नाही!