दूरध्वनीवरील पाळत : आदेश कोणाचा, तपासणी कोणाची?

नव्या भ्रमणध्वनी संचांमध्ये ‘संचार साथी’ हे अ‍ॅप आधीच बसवून देण्याचा आदेश दूरसंचार विभागाने नोव्हेंबर २०२५ च्या अखेरीस उत्पादक कंपन्यांना दिला आणि देशभर टीका होताच ३ डिसेंबर रोजी ती सक्ती मागे घेतली. चोरीला गेलेला फोन शोधणे, आपल्या नावावरील बनावट जोडण्या ओळखणे हा या अ‍ॅपचा घोषित हेतू होता. तरीही सरकारचे अ‍ॅप प्रत्येकाच्या खिशात असावे, ही कल्पना लोकांना रुचली नाही. डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टीवर असा वाद होऊ शकतो. जी पाळत दिसतच नाही, रीतसर आदेश काढून कायद्याच्या आधाराने ठेवली जाते, तिच्याविषयी मात्र आपल्याकडे फारच थोडी चर्चा होते.

दूरध्वनीवरील संभाषण ऐकण्याचा सरकारचा अधिकार १८८५ च्या भारतीय तार अधिनियमातून आला. सार्वजनिक आणीबाणी उद्भवल्यास किंवा सार्वजनिक सुरक्षिततेसाठीच हा अधिकार वापरता येतो, असे त्याचे कलम ५(२) सांगत असे. प्रत्यक्षात राजकीय विरोधकांचे फोन ऐकले जात असल्याचे आरोप वारंवार झाले. अशाच आरोपावरून १९८८ मध्ये कर्नाटकचे मुख्यमंत्री रामकृष्ण हेगडे यांना पद सोडावे लागले. आज अशा कारणासाठी कोणी राजीनामा देईल, असे वाटत नाही.

पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या संघटनेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १८ डिसेंबर १९९६ रोजी निकाल दिला. दूरध्वनीवरील संभाषण हा खासगीपणाच्या अधिकाराचा भाग आहे, असे न्यायालयाने त्यात मान्य केले. मात्र असा आदेश काढण्यापूर्वी न्यायाधीशांची अनुमती घ्यावी, ही मागणी फेटाळली गेली, कारण कायद्यात तशी तरतूद नव्हती. त्याऐवजी आदेश गृहसचिवांनी द्यावा आणि तो वरिष्ठ सचिवांच्या समितीने तपासावा, अशी व्यवस्था न्यायालयाने घालून दिली. २००७ मध्ये तिला नियमांचे रूप मिळाले. जुन्या अधिनियमाच्या तरतुदीची जागा आता २०२३ च्या दूरसंचार अधिनियमाच्या कलम २०(२) ने घेतली असून डिसेंबर २०२४ मध्ये त्याखाली नवे नियमही आले आहेत. व्यवस्थेचा सांगाडा मात्र तोच राहिला आहे.

केंद्रात हा आदेश गृहसचिव देतात. तो साठ दिवस लागू राहतो आणि एकूण १८० दिवसांपर्यंत वाढवता येतो. मंत्रिमंडळ सचिव, विधी सचिव व दूरसंचार सचिव यांची आढावा समिती दोन महिन्यांतून किमान एकदा बैठक घेऊन असे आदेश तपासते. राज्यांत मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखाली अशीच समिती असते. म्हणजे आदेश देणारेही सचिव आणि तपासणारेही सचिवच. या साखळीत न्यायाधीश नाही, संसद सदस्य नाही आणि बाहेरची कोणतीही व्यक्ती नाही.

ही तपासणी कितपत होऊ शकते, याचा अंदाज न्या. बी. एन. श्रीकृष्ण समितीने २०१८ च्या अहवालात दिला आहे. माहितीच्या अधिकारातून मिळालेल्या आकड्यांच्या आधारे समितीने म्हटले, की आढावा समितीपुढे प्रत्येक बैठकीत १५ ते १८ हजार आदेश येतात. तीन सर्वोच्च अधिकारी एखादा दिवस सलग आठ तास केवळ याच कामाला बसले, तरी एका आदेशाच्या वाट्याला दोन सेकंदही येत नाहीत. इतक्या वेळात नाव आणि क्रमांकही वाचून होणार नाही. मग कारण पुरेसे आहे की नाही, हे कधी ठरवायचे?

सुरक्षा यंत्रणांची गरज नाकारण्यात अर्थ नाही. २६ नोव्हेंबर २००८ रोजी सुरू झालेल्या मुंबईवरील हल्ल्यात हल्लेखोर आणि सीमेपलीकडील सूत्रधार यांच्यातील संभाषणे हल्ला सुरू असतानाच ऐकली व ध्वनिमुद्रित केली गेली. पुढे न्यायालयात तोच महत्त्वाचा पुरावा ठरला. अशा प्रसंगी परवानगीसाठी कोणी थांबावे, असे कोणी म्हणणार नाही. तातडीच्या प्रसंगासाठी नियमांतही वेगळी तरतूद आहेच. प्रश्न उरलेल्या हजारो आदेशांचा आहे.

त्यातील काहीच न्यायालयापुढे येतात. मुंबईतील एका व्यावसायिकावर बँक अधिकाऱ्याला लाच दिल्याचा आरोप होता. त्याचे फोन ऐकण्याचे २००९ व २०१० मधील आदेश मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१९ मध्ये रद्द केले आणि ध्वनिमुद्रणे नष्ट करण्यास सांगितले. येथे सार्वजनिक आणीबाणीही नव्हती आणि सार्वजनिक सुरक्षिततेलाही धोका नव्हता, असे न्यायालयाचे म्हणणे होते. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणाला मूलभूत अधिकार ठरवल्यानंतरचा हा निकाल होता. पण त्या व्यावसायिकाला आपला फोन ऐकला गेल्याचे कळले, ते त्याच्यावर खटला भरला गेला म्हणून. ज्यांच्या संभाषणात आक्षेपार्ह काहीच सापडत नाही, त्या निर्दोष नागरिकांना ते कधीही कळत नाही. आदेशांच्या नोंदीही सामान्यतः सहा महिन्यांनी नष्ट करायच्या असतात. त्यामुळे दाद मागण्याचा मार्ग आरोपीला मोकळा आणि निरपराधाला बंद, अशी विचित्र स्थिती निर्माण झाली आहे.

अमेरिकेत गुन्ह्याच्या तपासासाठी फोन ऐकायचा असल्यास न्यायाधीशांची परवानगी लागते आणि पाळत संपल्यावर साधारणपणे नव्वद दिवसांच्या आत संबंधिताला कळवावे लागते. ब्रिटनमध्ये २०१६ च्या कायद्यानुसार मंत्र्यांच्या आदेशावर न्यायिक आयुक्तांचीही संमती आवश्यक असते. या देशांतही अधिकाराचा गैरवापर झालेला आहे, पण निदान तो मोजायला आणि विचारायला कोणीतरी बाहेरचे बसलेले असते. आपल्याकडे २०२३ चा वैयक्तिक विदा संरक्षण कायदा ही उणीव भरून काढील, अशी अपेक्षा होती. त्याच कायद्यातील कलम १७(२) मात्र सुरक्षा व सार्वजनिक सुव्यवस्थेच्या कारणासाठी कोणत्याही सरकारी यंत्रणेला अधिसूचनेद्वारे कायद्यातून वगळण्याची मुभा केंद्राला देते.

भ्रष्टाचाराच्या तपासासाठी फोन ऐकणे हे ‘सार्वजनिक सुरक्षितते’त बसते का, यावरही आता एकमत राहिलेले नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने जून २०२५ मध्ये मोठ्या रकमेच्या भ्रष्टाचाराबाबत तसे मान्य केले. त्यानंतर काही दिवसांतच, २ जुलै रोजी, मद्रास उच्च न्यायालयाने लाचखोरीच्या प्रकरणातील २०११ चा आदेश रद्द केला. मिळालेली सामग्री आढावा समितीपुढे ठेवलीच गेली नव्हती, हेही त्या निकालात नोंदवले आहे. नव्या दूरसंचार कायद्यात शब्द जवळजवळ तेच आहेत. त्यांचा अर्थ अखेर सर्वोच्च न्यायालयालाच ठरवावा लागेल, अशी चिन्हे आहेत.