मोठ्या मापाची आगगाडी

खेळातल्या आगगाड्यांचा छंद नव्याने लागला की जो तो सांगतो, आधी लहान मापाने सुरुवात करा, जागा कमी लागते. मला हे पटत नाही. पुण्याच्या जोशींच्या लघुरेल्वे संग्रहालयातल्या (१९९८ पासूनचे) गाड्या १:८७ मापाच्या, रूळ साडेसोळा मिलिमीटरचे. बघायला सुरेखच! पण सत्तरीतल्या बोटांनी तसला डबा रुळावर बसवून बघा. आणि लहानात शिकून मग मोठ्याकडे वळायला आमच्याकडे वर्षे किती उरली?

‘जी’ नावाच्या मोठ्या मापात दोन रुळांमधले अंतर ४५ मिलिमीटर. १:२२.५ ने मोजा, म्हणजे आपली मीटरगेजच. नातवंडालाही चाके बसवता येतात. महाग आहे, कबूल. म्हणून एक इंजिन, दोन डबे आणि ६० सेंटिमीटर त्रिज्येचे एक वर्तुळ, बास. चिखल्यात अंगणात सहज मावते. (फ्लॅटवाल्यांनी गच्ची बघावी.) खाणीच्या गावची धूळ मात्र रुळांवर बसते आणि वीज चाकांपर्यंत पोचत नाही, इंजिनातच बॅटरी असली की रोजचे पुसणे वाचते. पुढचे डबे विकत घेऊ नयेत. मँगनीजच्या उघड्या वाघिणी पुठ्ठ्याच्या घरीच होतात.